दहातले दोन भाग

“बाई, तुमी जपान्यांकडच्या का सरकारकडच्या?” विहिरीवरच्या एकीने डोक्यावरचा हंडा न उतरवताच मला विचारलं.

आमची जीप चढावर तापून वाफा सोडत होती आणि ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन माझ्या मागे उभा होता. मुंबईहून निघताना मी नेसलेलं पातळ पांढरं होतं, हे आता शपथेवर सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं.

“मी पगाराकडची,” मी म्हणाले.

बायका हसल्या. हंडेवालीही हसली, पण तिने बोट मात्र माझ्यावर रोखूनच धरलं. “मग गाडीपुरतं घ्या. त्यांच्या घरात आमच्या हिरीचा थेंब न्यायचा न्हाय. गावानं वाळीत टाकलंय त्यांना.”

“कधीपासून?”

“लखू मांडवकराचा पवळ्या मेला तवापासून.”

मी जीपपाशी येऊन हे सगळं जपानीत सांगितलं. आत बसलेले सेगावा-सान वकिलातीतले धाकटे अधिकारी होते. चाळिशीचे, कडक इस्त्रीचे आणि कधीही घाईत नसलेले. त्यांनी ‘वाळीत’ हा शब्द दोनदा घोळवून पाहिला आणि विचारलं, “पाणी देत नाहीत, विस्तव देत नाहीत, बोलत नाहीत. असंच ना?”

“असंच.”

“हं,” ते म्हणाले आणि टोपी नीट करून बसले.

ही एकसष्ट सालच्या पौषातली गोष्ट. मी इंदुमती गुप्ते, तेव्हा तिशीची. वडील एका कापूस कंपनीच्या नोकरीत असल्यामुळे माझं बालपण कोबेला गेलं. लढाई पेटण्याआधी बोटीने परत आलो आणि गिरगावातल्या दोन खोल्यांत माझं जपानी फक्त धाकट्या भावाशी भांडण्यापुरतं उरलं. त्या भांडणांनी ते इतकं तल्लख राहिलं की पुढे वकिलातीत मला दुभाषी म्हणून घेतलं. पत्रांची भाषांतरं करायची, चहा प्यायचा, आणि कधीतरी असं धूळ खात कुठेतरी जायचं.

कुंभेशेत हे गाव कुलाबा जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. गावाला लागूनच्या माळावर सरकारने तीन जपानी शेतकरी कुटुंबांना कराराने जमीन दिली होती. त्यांचं गाव तिकडे एका धरणाखाली बुडालं होतं, म्हणजे परत जायला जागा अशी नव्हतीच. दोन वर्षं त्यांनी भात काढला. गावकरी बांधावर बसून त्यांची सरळ ओळीतली लावणी बघायचे, चेष्टा करायचे, आणि सुगीला गपचूप लोंब्या मोजून जायचे. म्हणजे सगळं ठीक चाललं होतं.

बिनसलं ते तारेवरून. त्या भागात भात झोडून झालं की गुरं मोकळी सोडायची रीत. कुठलं शेत कुणाचं हे तेव्हा बघत नाहीत. चार महिने सगळा माळ गुरांचा. जपान्यांना ही रीत ठाऊक नव्हती; पहिल्या साली शेतात आलेली गुरं चुकून सुटली असं त्यांनी धरलं. त्यांच्याकडे भात निघाल्यावर शेत रिकामं ठेवणं म्हणजे आळशीपणा. यंदा त्यांनी कांदे लावले, हाताएवढे मुळे लावले आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून काटेरी तार ओढली. लखूचा पवळ्या बैल त्या तारेत अडकला, जखम चिघळली आणि बैल गेला.

गावाने आधी वाळीत टाकलं, मग सरकारकडे अर्ज केला. सरकारने सांगितलं, गावाची मर्जी नसेल तर करार पुढे वाढणार नाही. आणि सेगावा-सानना वरून हुकूम होता: बोलून बघा, जमलं नाही तर बोभाटा न करता तिन्ही कुटुंबांना घेऊन या. दुसऱ्या दिवशी दुपारी सामान न्यायला ट्रक येणार होता.

हिराई-सान तारेपाशीच भेटले. पन्नाशीचा बुटका, रुंद माणूस. तिन्ही घरांचा कर्ता तोच. कमरेत वाकून नमस्कार झाल्यावर सेगावा-साननी ट्रकचं सांगितलं. हिराई-साननी मागे मुळ्यांच्या वाफ्यांकडे एकदा पाहिलं.

“आमची चूक झाली,” ते म्हणाले. “लखू-सानच्या घरी मी वाकून माफी मागून आलो. माझं नांगरायचं यंत्र त्यांना देऊ केलं. त्यांना फार राग आला. गावाने आम्हाला मुरा हाचिबु केलं. ते योग्यच आहे.”

मुरा म्हणजे गाव, हाचिबु म्हणजे आठ भाग. जपानी खेड्यातलं वाळीत टाकणं. गावातल्या माणसाचं गावाशी दहा प्रकारचं नातं असतं असं धरतात. लग्न, आजारपण, घरबांधणी वगैरे. त्यातले आठ तोडायचे. दोन मात्र तोडायचे नाहीत. आग लागली तर आणि मयत झालं तर वाळीतल्यानेही धावायचं आणि वाळीतल्याकडेही धावायचं. कोबेला आमची मोलकरीण हे सांगायची.

“आठ गेले, दोन उरले,” हिराई-सान म्हणाले. “दोनावर माणूस तग धरू शकतो. गावाला राग ओसरायला वेळ द्यायला हवा. ट्रक थोडा उशिरा नाही का येणार?”

त्यांची बायको तोमे मागे उभी होती. सामान बांधलेलं नव्हतं. एक गाठोडंसुद्धा नाही. ते पाहून मला भडभडून आलं आणि रागही आला; वकिलातीचा, गावाचा आणि त्या मेलेल्या बैलाचासुद्धा.

दुपारी देवळाच्या सहाणेवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, गावकी बसली. वाद तिथेच सुरू झाला, माझ्यावरून.

“बाईमानूस गावकीत बसत न्हाय,” एकजण म्हणाला.

धाकू शिगवण हा गावकर. म्हणजे गावाचा मुख्य. ओठांवर पांढऱ्या मिशा आणि डोळ्यांत सतत काहीतरी शिजत असलेलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “ती बाई कुठं हाय? ती साहेबाचं तोंड हाय. तोंड भायेर ठेवून साहेब बोलंल कसा? बस गो बाय. कुठल्या गुप्त्यांतली तू?”

“रोह्याच्या.”

“मग आपलीच,” म्हणून त्याने विषय मिटवला. “चला, लवकर उरकू. लखूची आई आजउद्या करतेय, त्याला घरी जायचंय.”

लखू खांबाला टेकून उभा होता. उंच, काळासावळा, रात्री न झोपलेला. त्याच्याकडे पाहिलं की बैलाची गोष्ट हसण्यावारी नेता येत नव्हती.

आम्हाला चहा आला. सेगावा-सान तो चवीने प्यायले आणि अगदी शाळकरी मुलासारखे प्रश्न विचारायला लागले.

“वाळीत कोणाला टाकतात?”

“जो गावाची रीत मोडंल त्याला,” धाकू गावकर म्हणाला.

“दुसऱ्या गावच्या माणसाने मोडली तर?”

“त्याचं त्याचा गाव बघंल. आमी कशाला पडू त्यात?”

“वाळीतून परत कसं येतात?”

“गावापुढं नारळ ठेवायचा, चुकलो म्हनायचं. गाव इचार करतो आनि घेतो. कुनाला जन्मभर भायेर ठेवलाय असं झालं न्हाय अजून.”

“मग हिराई उद्या नारळ ठेवतील.”

“तो काय गावचा हाय?” लखू खांबावरून ताडकन सुटला. “बैल मारला माझा, आनि बदल्यात मशीन देतो! धूर ओकनारं मशीन! दिवाळीत त्याला ओवाळू काय मी? त्याच्या गळ्यात माळ घालू?”

सेगावा-साननी कप खाली ठेवला. “गावचा नाही? मग वाळीत कसा टाकला? आणि ज्या अर्थी वाळीत टाकला, त्या अर्थी तो गावचा झाला.”

हे वाक्य मी मराठीत अगदी चढवून म्हटलं. मागे कुणीतरी खुदकन हसलंसुद्धा.

“साहेब हाताला तेल लावूनच फनस कापायला बसलेत,” धाकू गावकर मिशीत म्हणाला.

मला वाटलं, जिंकलो. लखूचा चेहरा मात्र आणखी काळवंडला. तो सहाणेच्या मधोमध आला.

“बरोबर बोलला साहेब. चुकी आमची. वाळीत टाकायलाच नको हुतं. गावकर, आत्ताच्या आत्ता काढा त्यांना वाळीतून! ते वाळीतले न्हायत. गावचे न्हायत. ते आमचे कोनीच न्हायत.”

धाकू गावकराने सगळ्यांकडे नजर फिरवली. नाही म्हणायला कुणीच तोंड उघडलं नाही. “झालं तर,” तो उठत म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंद नव्हता. “साहेब, तुमचं म्हननं गावानं मान्य केलं.”

माळाकडे परत जाताना सेगावा-साननी जीप सोडून पायवाट धरली. मग म्हणाले, “मी वाद जिंकलो. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही.”

खरी कठीण गोष्ट पुढे होती. हिराई-सानना सांगायचं होतं. ते आणि तोमे ओसरीवर मुळे चिरून वाळत घालत होते. उद्या निघायचं असलेल्या घरात दोन महिन्यांनी खायची तयारी चालली होती. मी जमेल तितक्या मऊ शब्दांत सांगितलं, की गावाने वाळीत टाकणं मागे घेतलं आहे, कारण गाव तुम्हाला आपलं मानतच नाही.

तोमेचा हात थांबला.

“हाचिबु नाही?” हिराई-साननी विचारलं. “मग आम्ही काय?”

“परके.”

“परक्याला किती भाग असतात?”

त्यांनी सुरी पुसली, नीट बाजूला ठेवली आणि आत निघून गेले. इतके दिवस वाळीत असूनही त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसली नव्हती ती हार मला तेव्हा दिसली.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. सकाळी उन्हं अंगणात आली असतील नसतील, तोच गावातून रडण्याचा आवाज आला. लखूची आई गेली होती. तोमे भरभर आत गेली. मला वाटलं सामान बांधायला. ती हिराई-सानचा काळा कोट घेऊन बाहेर आली.

“आत्ता जाऊ नका,” सेगावा-सान म्हणाले. “शोकात असलेली माणसं आहेत. अपमान होईल. हातही उगारतील कोणी.”

“होईल,” हिराई-सान कोटाची बटणं लावत म्हणाले. “पण मयत आहे.”

तिन्ही घरचे पुरुष निघाले. प्रत्येकाच्या खांद्यावर एक जाडजूड लाकडाचा ओंडका होता. कुंभेशेतात मयताला घरटी एक लाकूड द्यायची रीत होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तारेपलीकडून बघून बघून त्यांना कळलं होतं. गुरांची रीत तेवढी त्यांच्या नजरेतून निसटली होती.

लखूचं अंगण माणसांनी भरलेलं. तिरडी बांधून झाली होती. बाजूला लाकडं रचली होती आणि एकेक जण येऊन आपलं लाकूड टाकत होता. काळ्या कोटातले तिघं जपानी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाहेर उभे राहिले, तशा सगळ्या माना तिकडे वळल्या. दोन पोरसवदा गडी बाह्या सावरत पुढे झाले.

“काहीतरी बोला ना,” मी सेगावा-सानना कुजबुजले.

“काल बोललो ना,” ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिघांच्याही मागे जाऊन उभे राहिले. “तुम्ही त्यांचं बोलणं आहे तसं सांगा. सजवू नका.”

हिराई-सान वाकले. खांद्यावरचं लाकूड न उतरवता वाकले. मग ते बोलत गेले आणि मी त्यांच्या मागोमाग मराठीत सांगत गेले.

“काल तुम्ही आम्हाला वाळीतून काढलंत असं कळलं. माझी विनंती आहे, आम्हाला परत वाळीत टाका. आमच्याकडे वाळीतल्या माणसाचे आठ भाग तुटतात, दोन राहतात. आग आणि मयत. परक्याचा एकही राहत नाही. आम्ही आज मयताच्या कामाला आलो आहोत. हे काम झालं की आम्ही जाऊ, कुणाशी बोलणार नाही. पण वाळीतले म्हणून जाऊ.”

या वेळी कुणी हसलं नाही. धाकू गावकर पुढे आला. बोलण्याआधी त्याने दोनदा घसा साफ केला.

“त्याला सांग बाय, आमच्यात धाच्या धा भाग जातात. वाळीतल्याचंबी लाकूड चितेला चालत न्हाय.”

मी सांगितलं. हिराई-साननी मान डोलावली. “तुमची रीत कडक आहे. आमची आमच्यापाशी राहू द्या. लाकडं इथे बाहेर ठेवतो. कमी पडली तर घ्या, नाहीतर राहू द्या.” आणि ते खरोखरच गडग्याला लागून ओंडका खाली ठेवायला वाकले.

“थांब,” लखू म्हणाला.

तो तिरडीपाशी बसला होता, तिथून उठला. रडून त्याचा आवाज बसला होता. “बाय, त्याला इचार. त्यांच्यात वाळीतल्याचे आयबाप मेले, तर गाव खरंच येतो? का नुसतं बोलायला?”

मी विचारलं. हिराई-सान सरळ उभे राहिले.

“येतो. माझ्या वडिलांनी पाण्याच्या पाळीवरून भांडण केलं होतं. गावाने आठ भाग तोडले. मी लहान होतो. माझ्याशी कुणी खेळत नसे. वडील गेले त्या सकाळी दार उघडलं तर अख्खा गाव अंगणात. कुणी अवाक्षर बोललं नाही. त्यांनी खड्डा खणला, भात शिजवला, माझ्या आईला दोन्ही हातांना धरून उठवलं. संध्याकाळी निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत बोलणं बंद.”

“मग?” लखूने विचारलं.

“मग पुढच्या साली बोलायला लागले.”

हे सांगता सांगता मी पदराने डोळे पुसले. दुभाष्याने रडू नये असं म्हणतात. ज्याने कुणी म्हटलं त्याला असलं काही सांगायला लागलं नसणार. अंगणात बायकांपैकी कुणीतरी हुंदका दिला. लखू आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. धाकू गावकर त्याच्याजवळ जाऊन हलकेच म्हणाला, “आय तुझी, लाकडं तिची. गाव आज तुझ्या शब्दाभायेर न्हाय. तू बोल.”

लखूने पंच्याने तोंड पुसलं.

“भायेर काय ठेवतो?” तो माझ्यावरच खेकसला. “आत आन म्हनावं. जाड लाकूड तळाला लागतं, एवढं कळत न्हाय त्याला?”

मी भाषांतर करायच्या आतच धाकू गावकराने गडग्यातल्या बेड्याचा, म्हणजे फाटकाचा, आडवा बांबू सरकवला. तिघंही आत आले, ओंडके रचले. नदीकडे निघताना ज्या माणसांनी बाह्या सावरल्या होत्या त्यांच्याच रांगेत, मागे, ते लाकडं वाहत चालले. सेगावा-साननीही एक ओंडका उचलला. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याची वाट लागली.

बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून मी तिथेच थांबले. थोड्या वेळाने तोमे आली. विहिरीवरच्या त्या हंडेवालीने तिच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि अंगण सारवायला घेतलं. तोमेही दुसऱ्या बाजूने शेणाचा हात फिरवायला लागली. तिला ते अजिबात जमत नव्हतं. “असं न्हाय, असं,” हंडेवाली म्हणाली आणि तिचा हात धरून दाखवू लागली.

दुपारी ट्रक आला. ड्रायव्हरने गावाच्या तोंडाशी उभा करून भोंगा वाजवला. त्याच वेळी माणसं नदीवरून आंघोळ करून ओल्या कपड्यांनी परत येत होती. मी रस्त्याकडेला उभी राहिले.

लखू ट्रकपाशी थांबला. “हा कशाला?”

“यांना न्यायला,” मी म्हणाले. “गावाची मर्जी नाही ना.”

त्याने ट्रकच्या रिकाम्या हौद्यात डोकावून पाहिलं. मागून हिराई-सान येत होते, काळा कोट ओलाचिंब, नखांत काजळी राहिलेली. लखू त्यांच्याकडे वळला आणि मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसा, थेट त्यांनाच मराठीत बोलायला लागला.

“तेरावा झाला की तार बघायला येतो मी. काटे काढून टाक आनि निवडुंगाचं कुंपन घाल, आमी घालतो तसं. मुळे खा, कांदे खा, काय पाह्यजे ते खा. पन परत माज्या गुराला काय झालं, तर बघ.” त्याने हिराई-सानच्या छातीपर्यंत बोट नेलं. “परत वाळीत टाकीन. सांग गो बाय त्याला.”

धाकू गावकर मागे उभा होता. त्याने मिशीवरचं पाणी निपटलं आणि मान हलवली.

मी एकेक शब्द सांगितला. हिराई-साननी तो लक्षपूर्वक ऐकला.

“परत?” त्यांनी मला विचारलं. “परत वाळीत टाकीन, असंच म्हणाले?”

“असंच म्हणाले.”

ते वाकले. असं वाकणं मी कोबेलाही पाहिलं नव्हतं. डोकं गुडघ्यांपर्यंत गेलं आणि बराच वेळ वर आलंच नाही. लखूला काय करावं कळेना. शेवटी त्याने त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं.

सेगावा-सान ट्रककडे गेले आणि ड्रायव्हरला हातानेच खूण केली, रिकामाच परत ने.